वसाहतीच्या बागेतला करंट

ती घटना आठवली की आजही लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तिथे निदान समोर गुन्हेगार असायचा. इथे सगळे सभ्य होते.

वर्धा शहराबाहेर आर्वी रोडला निवृत्त लोकांची एक वसाहत आहे. कोणी शिक्षक, कोणी बँकेतले, कोणी इंजिनिअर. मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात. सकाळी हास्य क्लब, मग सामाईक भोजनगृहात चहा-पोहे, दुपारी कॅरम, संध्याकाळी भजन. आमच्या ठाण्याचा संबंध म्हणजे कधीमधी ज्येष्ठ नागरिकांच्या सुरक्षेवर भाषण द्यायचं आणि शाल-श्रीफळ घेऊन परत यायचं. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर होते, शिस्तीचे. वसाहतीची बाग त्यांनीच उभी केली होती आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटीही लावली होती. तरी रोज पहाटे कोणीतरी जास्वंदी तोडून नेई. पूजेसाठी दुसऱ्याच्या झाडाची फुलं तोडण्याला आपल्याकडे कोणी चोरी म्हणत नाही, देवाच्या नावावर सगळं खपतं. अध्यक्ष मात्र जाम चिडले होते.

कार्तिकातली सकाळ. ठाण्यात हजेरी चालू असताना अध्यक्षांचा फोन आला. त्यांच्या पत्नीला विजेचा धक्का बसला होता आणि तिला सावंगीला दवाखान्यात हलवलं होतं.

"शेजारच्या शेतकऱ्यानं रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडलाय, साहेब. ही फिरायला गेली आणि हिचा हात लागला."

आमच्या भागात हे नवीन नाही. डुकरं एका रात्रीत पीक लोळवतात, म्हणून काही लोक तारेत थेट वीज सोडतात आणि माणसं जातात. हा शेतकरी वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून वांगी, मेथी, पालक आणि आमच्याकडे जिला सांभार म्हणतात ती कोथिंबीर लावायचा आणि रोज सकाळी वसाहतीच्याच फाटकावर विकायचा. आम्ही त्याची तार आणि मशीन जप्त केली, त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, माह्यावाली झटका मशीन हाये, बॅटरीची," तो म्हणाला. "डुकराले चटका बसते अन् ते पळते. त्यानं मानूस कसा पडन?"

"खांबावर आकडा टाकला असशील."

"पोराची आन घेतो, नाई टाकला."

बाहेर त्याची बायको टोपलं घेऊन बसली होती. सकाळी तोडलेली मेथी उन्हात सुकून चालली होती. इकडे बाई अतिदक्षता विभागात, खुबा मोडलेला, हात भाजलेला. ती दगावली तर या माणसावर सदोष मनुष्यवध लागणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं चहाला हातसुद्धा लावला नाही.

दुपारी वसाहतीत जबाब घेतले. जो तो म्हणे, "काकू शेताच्या कुंपणापाशी पडलेल्या दिसल्या." शब्दही तेच. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरे साक्षीदार कधी एकसारखं बोलत नाहीत. अपघात पाहिलेल्या चार जणांना गाडीचा रंग विचारा, चार रंग सांगतील. इथे तर एखाद्या कवितेसारखं पाठांतर चाललं होतं.

दवाखान्यात गेलो. बाई बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. नर्सनं त्यांच्या कपड्यांची पिशवी दिली. पंच बोलावून पंचनामा सुरू केला, तर पदराच्या टोकाला गाठ. सोडली, आत चुरगळलेली लाल जास्वंद. साडीचा काठ दवानं ओला, आणि पिशवीत चपला नाहीत.

शेताच्या बाजूला नुसत्या बाभळी. जास्वंद फक्त बागेत, अगदी दुसऱ्या टोकाला. आंघोळ करून अनवाणी फुलं तोडणारी बाई ती फुलं घेऊन सरळ देवापाशी जाते. शेताच्या कुंपणाकडे कशाला जाईल?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी 'जबाब देण्यास योग्य' असा शेरा दिला. अध्यक्ष उशाशी स्टुलावर बसले होते. मी म्हणालो, "काकू, पदरातली फुलं सापडली."

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "त्या भाजीवाल्याले पकडून आनलं काय?"

"हो."

"सोडा त्याले. मी बागेत पडली. फुलं रोज मीच नेत होती, साहेब. ह्याईनं पाटी लावली अन् चोर ह्याईच्याच घरात. कोन्या तोंडानं सांगू?"

अध्यक्षांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी तारेत मध्ये बल्ब जोडला होता हो, करंट कमी राहावा म्हणून," ते म्हणाले. "नुसता झटका बसावा, चोराला अद्दल घडावी, एवढंच." त्यांनीच जास्वंदीभोवती तार ओढली होती आणि बाई पडल्यावर स्वतःच काढून टाकली होती.

बाई त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "माह्यं जाऊ द्या. मी चुकली, मले लागलं. पन त्या बिचाऱ्याले काऊन गुतवलं तुम्ही?"



संध्याकाळी भजनाच्या वेळीच वसाहतीत गेलो. टाळ थांबले. तेव्हा कळलं की तारेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अध्यक्षांनी बैठकीत ती सांगितली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या बैठकीला नेमक्या काकूच नव्हत्या. बाईंना बागेतून उचललं तेही यांनीच. मी विचारलं, "मग खोटं का बोललात?"

एक निवृत्त शिक्षिका उठल्या. आवाज अगदी शांत. "साहेब, त्यांचं वय बघा. तुरुंगात ते दोन दिवस टिकले नसते. तो शेतकरी तरुण आहे, त्यानं ते दिवस काढले असते."

बाकीच्यांनी खाली पाहिलं, पण नाही असं कोणी म्हणालं नाही. हे सगळे माझ्यासारखेच होते. माझी निवृत्ती जवळ आली होती, उद्या मीही अशाच सतरंजीवर टाळ घेऊन बसणार होतो. अंगावर वर्दी असून मला लाज वाटली.

अध्यक्षांवर गुन्हा दाखल झाला, पुढे जामीन झाला. खोट्या जबाबांचा अहवालही मी पाठवला. शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेचा पंचनामा करायला गेलो, तर तो फाटकावर टोपलं मांडून बसलेला. मी चकित झालो.

"आलास रे बाबा?"

"माल तं विकाच लागते, साहेब."

लोक एकेक करून आले. कोणी मेथी घेतली, कोणी वांगी. पैसे ठेवले आणि न बोलता निघून गेले. टोपलं पाहता पाहता रिकामं झालं. त्यानं मला बाजूला बोलावलं.

"साहेब, आज कोनीच भाव नाई केला. रोज काकालोक भांडून भांडून सांभार फुकट नेते. आज मांगतला बी नाई." त्यानं फाटकातून आत पाहिलं. "मी काई बोललो नोतो त्याईले. मले काऊन टाळून राह्यले?"

गुन्हा कबूल करवून घेणं पोलिसाला जमतं. 'चुकलो बा' म्हणायला लावणारं कलम मात्र कायद्यात नाही, आणि शिकलेल्या माणसाला माफी मागण्यापेक्षा पैसे जास्त देणं सोपं वाटतं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. तो रिकामं टोपलं पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिला. मीही फाटकाशी थांबलो. आतून कोणी आलं नाही.