मधुराचा वाचलेला गहू

मंजूषा पागे कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणाऱ्यांतली. माहेर उज्जैनचं, घर भोपाळच्या शिवाजी नगरमधल्या क्वार्टरमध्ये, आणि अठरा वर्षं तिथल्याच एका शेती प्रयोगशाळेत टेक्निशियन.

मे महिन्यात, गहू किती उष्णता सोसतो ते बघायला, प्रत्येकाने आपापल्या ट्रेमधली कोवळी रोपं पंचेचाळीस अंशांच्या पेटीत ठेवली होती. आठवड्यात सगळे ट्रे वाळून गेले. फक्त पुण्याहून नव्यानेच आलेल्या मधुराचा ट्रे हिरवागार!

"बियाणं तेच, पेटी तीच. मग हिचीच कशी वाचली?" मंजूषाच्या मनात पाल चुकचुकली. पोरीने पेटीबाहेरचा ताजा ट्रे आणून बदलला असणार. तिने प्रयोगशाळेचे प्रमुख रमेश सर यांच्या कानावर घातलं.

"पुरावा आणा," सर म्हणाले.

पुरावा पानांतच होता. उष्णतेने पेशीतली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोळा व्हायला लागतात. तेव्हा पेशी घाईघाईने रक्षक प्रथिनं बनवते. ती बिघडलेल्यांना सावरतात. न तापलेल्या रोपात ती जेमतेमच. मंजूषाने मधुराच्या रोपांची पानं तपासली. प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर रक्षकांचा पट्टा ठळक उमटला. म्हणजे रोपं तापली होती, बदललेली नव्हती.

तरी तिला चैन पडेना. पेटीत ठेवण्याआधी प्रत्येक ट्रेमधून कापून गोठवलेली पानं तिने काढून तपासली. इतर ट्रेंत पट्टा नव्हता. मधुराच्यात तेव्हाही होता!

"आधीच गुपचूप तापवलास ना?" तिने मधुराला गाठलं.

"मी कशाला तापवू, ताई? मला ट्रे ठेवायला जागाच दिली फ्रीजरच्या मागे."

मंजूषाने तिथे हात नेला. फ्रीजरच्या मोटरची गरम हवा थेट ट्रेच्या जागेवर येत होती. थर्मामीटर लावला: अडतीस. त्या सोसवेल अशा उष्णतेने रोपं आधीच सावध झाली होती; खरा तडाखा बसला तेव्हा रक्षक तयार होते.

मंजूषा तशीच सरांकडे गेली. "चूक माझी. पोरीने काही केलेलं नाही."

परतल्यावर मधुरा म्हणाली, "तुम्ही सरांना काय सांगितलंत, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ताई."



जूनमध्ये दोघींनी मिळून प्रयोग पुन्हा केला. आधी अडतीस अंश सोसलेली रोपं वाचली, बाकीची गेली. मंजूषा थर्मामीटर वाचून आकडा सांगायची. मधुरा वहीत लिहिण्याआधी उठून स्वतः बघून यायची, आणि मंजूषा बाजूला सरून तिला वाट द्यायची.