माझ्या फ्लेक्सची उलटी बाजू

लेकीच्या पहिल्या फिल्मच्या दिवशी मी तिचा पडदा खिळ्यांसकट उपटून काढला.

तेही प्रायश्चित्त म्हणून! रुपाली तीन वर्षं पुण्यात कला शिकत होती आणि मी उमापुरात भावकीला सांगत होतो, "पोरगी बी.एड. करायलीय." (खोटं बोलताना मी शपथ घेत नसे, एवढाच माझा प्रामाणिकपणा.) आता ती आईच्या आणि गल्लीतल्या बायकांच्या कापूस वेचणाऱ्या हातांवर फिल्म करून घरी आली होती. थेटरात लावायचीच नव्हती. ज्यांचे हात, त्यांनाच आमच्या अंगणात दाखवायची होती. त्यासाठी तिनं दोन दिवस खपून घराची मागची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र केली. पुण्याहून तिला शिकवणाऱ्या बाईही येणार होत्या.

मला वाटलं, आता तरी बापानं जाहीर कौतुक करावं. आमच्याकडे जाहीर म्हणजे फ्लेक्स! गेवराईहून छापून आणला. वर पाच नेते, मधोमध गॉगल घातलेला मी आणि कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी, रुपाली. लावायला जागा शोधली, तर समोर पांढरीफटक रिकामी भिंत! ठोकला चार इंची खिळ्यांनी.

"अप्पा, हे काय केलं? ती भिंतच पडदा हाय!"

"आगं, पडदा कापडाचा असतो ना?"

"तीनदा सांगितलं व्हतं तुमाला!"

"काढतो की, थांब."

जोर लावून ओढला. खिळ्यांबरोबर गिलावाही आला. भिंत विटांचे दात काढून हसायला लागली! दिवस मावळला होता, बायका बसायला पोती घेऊन येत होत्या. रुपालीच्या डोळ्यांत पाणी, आणि पन्नाशीचा मी फ्लेक्स कवटाळून उभा.

बायको म्हणाली, "आवो, उलटा करा की त्यो! कडब्याच्या गंजीवर टाकताव तसा. पाठ पांढरीच असती."

गोठ्यापुढच्या दोन कडुलिंबांना बांधला. फिल्म सुरू झाली.

"आगं बया, ह्यो माजा अंगठा हाय!" शेजारची कौसाकाकू ओरडली.

"गप बस, माजा यिऊ दे!"

मग हळूहळू सगळ्याच पोती घेऊन पुढं सरकल्या. स्वतःचे हात एवढे मोठे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

इथं मी गुपचूप बसायला हवं होतं. पण मला मदत करावीशी वाटली! अंधारात म्हाताऱ्या ठेचकाळू नयेत, म्हणून फ्लेक्समागचा गोठ्याचा बल्ब लावला. उजेड बरोबर मधोमध आरपार आला आणि हातांच्या मागं, गॉगलसकट, मी एकटाच उगवलो!

अंगण खदखदून हसलं.

"बंद करतो, बंद करतो!"

"राहू द्या अप्पा," रुपाली म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा हसली.

शेवटी पुण्याच्या बाई भारावून म्हणाल्या, "राबणाऱ्या बायकांमागं नुसताच उभा असलेला तो पुसट पुरुष! किती नेमकं! कोण आहेत ते?"

"माझे वडील," लेक चक्क अभिमानानं म्हणाली.

आता पुढचा खेळ पुण्यात आहे, फ्लेक्स आणि बल्बसकट. भावकीला मी खरं सांगून टाकलंय, की पोरगी कलाकार आहे आणि मीही तिच्या फिल्ममध्ये आहे. काम काय, तर काहीच न करता उभं राहायचं. बायको म्हणते, वेगळ्या सरावाची गरज नाही, तीस वर्षांचा सराव हाय.