किल्ल्यांवरून मोजलेली गल्ली

वडील गेल्यावर चौथ्या महिन्यात मी प्रबंधाचं काम पुन्हा हातात घेतलं. विषय शिरूर कासार तालुक्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या स्थलांतराचा. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात शिकवते. रजा संपली होती, घरी बसून वाचनही होत नव्हतं. आकड्यांचं काम त्यातल्या त्यात बरं वाटलं. त्यात कुणी सांत्वन करत नाही.

गावनिहाय लोकसंख्या मिळवायला मला बरेच दिवस लागले. संकेतस्थळावरच्या तक्त्यात तालुक्याखाली गावं होती, पण एकाच नावाची दोन गावं निघायची. मग छापील जिल्हा पुस्तिका काढून पंचक्रोशी ताडून बघायची. बीडच्या एका कार्यालयात ती पुस्तिका बघायला मिळाली. तिथले कारकून स्वभावाने मोकळे होते. मी विचारलं, यापेक्षा नवे आकडे नाहीत का?

"मॅडम, आम्हालाबी तेच पाहिजेत," ते म्हणाले. "आले की आधी तुम्हालाच सांगतो. तवर ह्याच्यावरच भागवा, सगळा जिल्हा भागवतोय."

माझी पद्धत साधी होती. जनगणना फेब्रुवारीत होते. ऊसतोडीला गेलेली माणसं दिवाळीच्या सुमारास निघतात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गणनेच्या सगळ्या दिवसांत जो बाहेर आहे त्याला घरी मोजायचं नाही, तो असेल तिथं मोजायचं, असा नियम. म्हणजे त्या गावांची जनगणनेतली संख्या रेशनच्या यादीपेक्षा कमी भरायला हवी. तशी ती भरत होती. फक्त एका गावात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

ते गाव मी मुद्दाम निवडलं होतं. माझे वडील तिथं शिक्षक होते आणि मागच्या जनगणनेत तिथले प्रगणकही तेच होते. तिथला आकडा सगळ्यात चोख असणार, हे मी धरूनच चालले होते. शाळेतल्या हजेरीत त्यांनी गैरहजर मुलाला कधी हजर लिहिलं नाही; तपासणीच्या दिवशीसुद्धा नाही. त्यावरून मुख्याध्यापकांशी त्यांचं वाजलेलं मला आठवतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तक्ता बघितला आणि त्या गावावर बोट ठेवलं.

"इथून कुणी तोडीला जात नाही?"

"जातात, मॅडम. वरची गल्ली तर सगळीच जाते."

"मग हा आकडा कुठून आला? एक तर कारण शोध, नाही तर गाव वगळ. असंच ठेवलंस तर परीक्षक सगळं प्रकरणच बाजूला ठेवतील."

गाव वगळायचं माझ्या मनाला येईना. कारण शोधायचीही भीती वाटत होती. तरी जानेवारीत एका रविवारी मी गेले.

वरच्या गल्लीतल्या बहुतेक दारांना कुलपं होती. एका ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दोन नातवंडं आणि तीन शेळ्या, एवढाच त्या गल्लीतला वावर. तिच्या कमरेला जाड सुतळी होती आणि सुतळीत किल्ल्यांचा घोस. गल्लीतली माणसं जाताना किल्ल्या तिच्याकडे देऊन जातात, ही तिथली जुनी रीत. पाऊस आला, साप निघाला, कुणाचं कागदपत्र लागलं, तर ती दार उघडते.

मी गुरुजींची लेक म्हटल्यावर तिनं पोतं झटकून मला बसायला दिलं. मी जनगणनेचं विचारलं.

"आलते की गुरुजी. असंच समदं बंद व्हतं. म्हनले, मावशी, कुलपं हाईत, आता कसं लिवू? मी म्हनलं, कुलपं काहून बघता? किल्ल्या बघा." तिनं घोस हातात घेतला. "ही आमच्या पुतन्याची. ह्यात पाच मानसं. ही खालच्या घरची, दोघं नवरा-बायकू आन् तीन लेकरं. एकेक किल्ली धरून समदी गल्ली सांगितली बग."

"त्यांनी लिहिलं?"

"आदी न्हाई म्हनले. म्हनले, तिकडं मोजतेत त्यान्ला. मी म्हनलं, उसाच्या फडात कोन मोजतंय वो? तिकडं काय तुमच्यावानी गुरुजी हाईत का? तुमी न्हाई लिवलं तर आमी मेलेलेच की मग." ती हसली. "च्या प्याले. मंग म्हनले, सांगा पयल्यापसून."

मी वहीत लिहून घेतलं. पेन थांबू द्यायचं नाही, एवढंच तेव्हा जमलं.

"बरे हाईत ना गुरुजी? लई दिस झाले, दिसले न्हाईत."

"गेले, आजी. सहा महिने झाले."

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. मग नातीला हाक मारून म्हणाली, "पानी दे गं बाईला."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडून पाहिला. तिकडं फडाजवळ त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, मोजायला कुणी गेलं असेल, तर ही माणसं दोनदा मोजली गेली. गेलं नसेल, तर वडिलांनी लिहिली म्हणूनच ती मोजली गेली. कुठल्याच तक्त्यातून हे कळणार नाही. नियम मात्र त्यांनी मोडला होता, आणि तो त्यांना पाठ होता.

त्या आठवड्यात मी टीप लिहिली. या गावाची संख्या हजर माणसांची नाही. प्रगणकाने बाहेरगावी गेलेल्यांची नोंद, किल्ल्या सांभाळणाऱ्या वृद्धेच्या सांगण्यावरून, घरीच केली आहे. म्हणून हा आकडा तुलनेत धरलेला नाही, पण तक्त्यात ठेवला आहे.

मॅडमनी टीप दोनदा वाचली.

"चांगलं शोधलंस. पण एकाच म्हातारीच्या शब्दावर नको. प्रगणक कोण होते ते कळलं का? त्यांनाच जाऊन विचार."

"कळलं," मी म्हणाले. "माझे वडील."

मॅडमनी चष्मा काढला. वडील गेल्यावर त्या आमच्या घरी भेटायला येऊन गेल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी टिपेखाली पेन्सिलीनं लिहिलं: 'प्रगणक हयात नाहीत.' मग कागद माझ्याकडे सरकवला. मी ते वाक्य शाईनं पक्कं केलं, आणि त्याच्या पुढे प्रगणकाशी असलेलं माझं नातं लिहिलं.