चार चाकं, चार कड्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. कोण फिर्यादी, कोण आरोपी, जप्त काय केलं, सगळं एकमेकांत मिसळून जातं. पण चारही टायरांपुढं एकेक लिंबू ठेवून अंगणात उभी असलेली एक जुनी गाडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यातली माणसं कोल्हापुरातच राहतात, म्हणून कुणाचं नाव सांगत नाही.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ ठाणे अंमलदारापुढं येऊन बसले. उद्यमनगरात त्यांचं छोटं लेथचं वर्कशॉप होतं आणि सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची.

“गाडीची चाकं चोरीला गेली,” ते म्हणाले.

“चारी?”

“चारी.”

“म्हणजे गाडी आता विटांवर आहे?”

“न्हाय. चाकांवर हाय.”

अंमलदारानं लेखणी खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. मी मिस्त्रींना आत बोलावलं, चहा मागवला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. झालं होतं असं. त्यांच्या गाडीला बाहेरून आणलेली अलॉयची चाकं बसवलेली होती, घरीच, अंगणात जॅक लावून. कंपनीची मूळ लोखंडी चाकं मागच्या खोपट्यात पडून होती. मिस्त्री एका लग्नासाठी एसटीनं गगनबावड्याला गेले, मुक्काम करून परतले, तर कुणीतरी अलॉय काढून नेले होते आणि त्यांच्या जागी खोपट्यातली लोखंडी चाकं बसवून ठेवली होती.

चाकं चोरणारे मी खूप पाहिले आहेत. ते गाडी दगडावर ठेवून पसार होतात, नटसुद्धा सोडत नाहीत. मालकाची गाडी पायांवर उभी करून जाणारा चोर मला तोपर्यंत भेटला नव्हता. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्याला मी स्वतःच गेलो.

अंगण झाडलेलं होतं. माझ्या हवालदारानं पाना घेऊन एकेक नट तपासला. एकही ढिला नव्हता. अलॉयचे नट वेगळे आणि लोखंडी चाकाचे वेगळे असतात. चोरानं पत्र्याच्या डब्यातून बरोबर जुने नट शोधून लावले होते. चारही टायरांपुढं लिंबं होती. आपल्याकडं नवी गाडी किंवा नवं चाक पहिल्यांदा हलवताना खाली लिंबू चिरडतात, ती ही लिंबं. चोरानं तेवढाही रिवाज पाळला होता.

“सायेब,” हवालदार माझ्या कानाशी लागला, “ह्यो चोर न्हाय, पावणा हाय.”

कट्ट्यावर, तुळशीजवळ, ॲल्युमिनियमच्या चार कड्या पुसून ओळीनं मांडलेल्या होत्या. मी मिस्त्रींना विचारलं, ह्या कसल्या?

“बाहेरनं आणलेल्या चाकाचं मधलं भोक मोठं असतंय. हबवर, म्हंजे आसाच्या टोकावर, ढिलं बसतंय, मग पळताना गाडी थरथरती. म्हणून मधी बसवायला ह्या कड्या मी लेथवर वळल्यात.”

“मग चोरानं चाकं नेली आणि कड्या का ठेवल्या?”

मिस्त्रींनी तुळशीकडं पाहिलं. “ते त्याला इचारा की,” ते म्हणाले.

घरात कोण कोण, असं विचारल्यावर उत्तर तुटक आलं. बायको वारलेली. मुलगा एक, बाहेर असतो. शेजारीपाजारी विचारलं तर प्रत्येकजण म्हणाला, “आमी काय बघितलं न्हाय.” कोल्हापुरात भर वस्तीत अंगणात जॅक लावून चार चाकं बदलली जातात आणि एकही माणूस ‘काय चाललंय पावणं’ म्हणून डोकावत नाही, हे मला कुणी पंढरीत शपथ घेऊन सांगितलं तरी पटलं नसतं. गल्ली एका सुरात बोलायला लागली की ती कुणाला तरी पोटाशी धरून असते. हवालदार आणि मी एकमेकांकडं बघून हसलो आणि परतलो.

त्यानंतर मिस्त्री रोज ठाण्यात यायला लागले. दारातल्या बाकावर बसायचे, मी बाहेर आलो की उठून उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

“माणूस सापडला का?”

इतकी वर्षं खाकी अंगावर घातल्यावर मला एवढं कळत होतं की ज्याचा ऐवज गेला तो ऐवजाबद्दल विचारतो. दागिने मिळाले का, मोटारसायकल मिळाली का. चोराशी त्याला देणंघेणं नसतं. मिस्त्रींनी चाकांचं नाव एकदाही काढलं नाही. त्यांना माणूस हवा होता. तो माणूस कोण, हे मला साधारण कळलं होतं आणि त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पण ते तोंडानं सांगेनात आणि मीही विचारलं नाही. माझी बायको आधीच वारलेली, आणि त्या वर्षी मुलगीही शिकायला परदेशी गेली होती. संध्याकाळी क्वार्टरचं कुलूप उघडताना मला बाकावरचे मिस्त्री आठवायचे.

खबर दिली ती इचलकरंजी रस्त्यावरच्या एका टायरवाल्यानं. त्याच्याकडं एक तरुण, गाडी थरथरते म्हणून चाकांचं बॅलन्सिंग करायला आला होता. मशीनवर घेण्याआधी चाक आतून पुसावं लागतं, तर हा पठ्ठ्या पुसू देईना.

“कापड हातातनं हिसकून घेतलं सायेब. म्हणला, बाहेरनं काय बी कर, आतल्या बाजूला हात लावायचा न्हाय. मला वाटलं, आत काय नंबर खोडलाय का काय. म्हनून कळवलं.”

गाडीचा नंबर त्यानं लक्षात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी हवालदार त्या तरुणाला गाडीसकट ठाण्यात घेऊन आला. एका यंत्रमागाच्या शेडमध्ये तो फिटर होता, पाळी संपवून थेट आलेला. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. गाडी त्यानं जुनी घेतलेली, पण वडिलांच्याच गाडीचं मॉडेल. हो, तो मिस्त्रींचाच मुलगा होता.

चौकशीत त्यानं काहीच नाकारलं नाही. मी नुसतं विचारत गेलो.

“चाकं कुणाची?”

“माझी. घर सोडायच्या आधी, पयल्या पगारात घेतल्याली.”

“मग मागून का नेली नाहीस?”

“मागितली असती तर बोलाय लागलं असतं,” तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन आणायचं होतं, त्यासाठी वडिलांचा जुना लेथ हलवावा लागणार होता. वडील म्हणाले, मी जिवंत हाय तवर लेथ हलणार न्हाय. शब्दाला शब्द वाढला आणि हा इचलकरंजीला निघून गेला. मधल्या काळात आई गेली. हा आला, दिवस होईपर्यंत राहिला आणि परत गेला. एवढ्या दिवसांत बापलेक एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

“चाकं कशाला हवी होती पण?”

“बगा की तुमीच,” तो म्हणाला.

आवारात त्याच्या गाडीचं एक चाक काढायला लावलं. त्यानं स्वतःच काढलं. आधी नट थोडे सैल केले, मग जॅक चढवला. चाक उतरवून पालथं केलं आणि बाजूला झाला. आतल्या बाजूला ब्रेकच्या काळ्या भुकटीत लाल रंगाचं एक स्वस्तिक होतं, बोटानं काढलेलं.

“खंडेनवमीला बसवल्याली ही चाकं, आबांनी आन् मी मिळून. आई कुंकू घिऊन आली. मी वरडलो, चकाकीवर नगो, डाग पडतील. ती म्हणली, बरं बाबा, आतनं काढते. लेथला मारायचा लाल ऑइलपेंट उरलाता, त्यात बोट बुडवून चारीवर काढलं.” त्यानं चाकाकडं बोट केलं. “तिच्या साड्या मावशीनं नेल्या. भांडी आबांची. घरात माझं म्हणावं असं तिच्या हातचं हेच व्हतं सायेब.”

मी खाली वाकलो. स्वस्तिकाच्या चार घरांत बोट टेकवून चार ठिपके दिलेले होते. रंग घट्ट सुकला होता आणि त्यात बोटाच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या होत्या. ठशांवरून मी किती माणसं कोठडीत घातली असतील. इथं भिंगाशिवाय दिसणारा ठसा होता आणि त्यावर हात ठेवायचं मला धाडस होईना. हवालदार तोंड फिरवून उगाच पाना पुसत बसला.

मिस्त्रींना फोन केला. “माणूस सापडला,” एवढंच सांगितलं. कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

ते आपली गाडी घेऊन आले. चोरी झाल्यापासून ती जागची हलली नव्हती. टायरांच्या खाचांत वाळक्या लिंबाच्या फोडी चिकटलेल्या होत्या. आत आले, मुलासमोर उभे राहिले आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वाळलास,” ते म्हणाले.

मुलानं हाताला लागलेली चाकाची भुकटी पँटला पुसली.

“गाडी थरथरती?”

“साठच्या फुडं गेली की.”

“स्टेरिंगबी?”

“व्हय.”

मिस्त्रींनी खिशात हात घातला आणि त्या चार कड्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

“ह्या का ठिवून गेलास?”

“त्या तुमच्या व्हत्या.”

“माझ्या व्हय? मी काय गळ्यात घालाय वळल्यात्या? कुणासाठी वळल्या रं?” आवाज एकदम चढला आणि तिथंच मोडला. मुलगा रडायला लागला. मिस्त्री त्याच्या केसांतला कापूस काढत उभे राहिले. मी खोलीबाहेर आलो. आपल्याच केबिनमधून बाहेर येऊन उभं राहायची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली.

थोड्या वेळानं मिस्त्री बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुम्ही कधी ओळखलंत?”

“लिंबं बघितली तवाच. जुन्या चाकालाबी लिंबू, ही त्याच्या आईची सवय.”

“मग फिर्याद कशाला दिली?”

“मी बोलवून आला नसता सायेब. तुमी बोलवलं की यायलाच लागतंय.”

त्यांच्यावर चिडावं असं मला क्षणभर वाटलं. सगळं ठाणं त्यांनी मुलाला निरोप धाडायला वापरलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मीच हसलो. चाकं मुलाचीच निघाल्यानं चोरी उरत नव्हती. दोघांचे जबाब घेतले, गैरसमजातून फिर्याद दाखल झाली असा अहवाल लिहिला आणि ‘क’ समरीसाठी, म्हणजे प्रकरण बंद करायला, कोर्टात पाठवला.

चाकांचं काय करायचं, हे त्या दोघांनी ठाण्याच्या आवारातच ठरवलं. मिस्त्री म्हणाले, चाकं तुझी, तूच वापर, कड्याबी घिऊन जा. अट एकच. दर खंडेनवमीला चाकं काढून धुवायची, आणि ती माझ्या अंगणात.

लोकांना वाटतं, पोलिसाला माणसातली वाईट बाजूच दिसते. तसं नाही. मला सगळ्यांत जास्त दिसली ती भेटायची ओढ आणि ती बोलून न दाखवण्याचा हट्ट. ‘ये’ हा एक शब्द टाळण्यासाठी माणसं फिर्यादी देतात, चोऱ्या करतात, आणि शेजारीपाजारी डोळे मिटून बसतात.

निवृत्त होऊन मी इथंच राहिलो. खंडेनवमीला पाय आपोआप त्या गल्लीकडं वळतात. मुलाची गाडी जॅकवर असते आणि नट कुठला आधी आवळायचा यावरून बापलेकांचा आवाज चौकापर्यंत येत असतो. आतली बाजू मिस्त्री स्वतः धुतात. स्वस्तिकाच्या कडेकडेनं ओलं फडकं फिरवतात, त्यावर नाही.

माझी मुलगी तिकडंच स्थायिक झाली. आमचं भांडण नाही, दर रविवारी फोन असतो. जाताना तिनं आपलं कपाट इतकं नीट आवरून ठेवलं की त्यात न्यायचं काही राहिलंय असं वाटतच नाही. न्यायला काहीतरी असावं म्हणून तिच्या आईची एक शाल मात्र मी नंतर तिथं ठेवली आहे. आयुष्यभर लोकांना दारं नीट लावा म्हणून सांगत आलो, पण त्या कपाटाला मी कुलूप लावत नाही. बाहेरून आलो की एकदा उघडून बघतो. शाल जागच्या जागी असते.