उलटा काटा

तुमसरच्या आठवडी बाजारात तो पोत्यावर गळ मांडून बसायचा. नायलॉनची दोरी तेव्हा नवलाची होती, तीही ठेवायचा. मी सिहोऱ्याच्या शाळेवर नुकताच रुजू झालेला, आणि तळ्यावर मासे पकडायची हौस त्याहून नवी.

"बारीक मासळीसाठी कोणता गळ घेऊ?" मी विचारलं.

त्यानं माझे हात न्याहाळले. मग एक गळ उचलून टोकामागचा उलटा काटा कानशीनं घासून टाकला. मी चक्रावलो. त्या काट्यानंच तर मासा अडकून राहतो!

"हे काय केलंत?"

"गुरुजी, नवा मानूस पयले आपलंच बोट पकडते."

तो वेडा की मी, कळेना. आठवडाभर गळाला लागलेली मासळी सुटत राहिली आणि मी त्याला शिव्या घालत राहिलो. शेवटी गांडूळ लावताना गळ माझ्याच अंगठ्यात रुतला. घाबरत ओढला, तर अलगद बाहेर आला.

पुढच्या बाजारी त्यानं माझा अंगठा पाहिला आणि मी मागायच्या आत काट्याचा गळ पुढे केला. तो घेताना मला त्याचा अंगठा दिसला. अर्धं मांस कधीचंच निघून गेलेलं होतं.