गणपतीच्या चक्राची मोटर

लग्न ठरलं तेव्हा वेल्ह्यात मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, "माझ्या नवऱ्याच्या घरात रेल्वे आहे!" मनातल्या मनात खिडकीची जागासुद्धा धरून ठेवली होती. एवढी अक्कल! भोरला उतरले एसटीनं, आणि रेल्वे निघाली माजघरातल्या फळीवर, मांजराएवढीसुद्धा नाही.

ती ह्यांनी हातानं केलेली. रुळाच्या टोकाला एक गोल थाळी. तिच्यावर इंजिन उभं करायचं, बटण दाबायचं, अर्धा फेरा झाला की इंजिनाचं तोंड उलटं. थाळीखालची मोटर गणपतीच्या आराशीतली, मूर्तीमागचं चक्र फिरवणारी. ती कधी डावीकडे फिरायची, कधी उजवीकडे. मनात आलं तर मधेच अडायची.

त्यावर आमची पैज असायची. आधी हे हात वर करणार. डावा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे. उरलेली बाजू माझी. हरेल त्यानं चहा करायचा.

"वेल्हेकरीण, ठेव आधण!" हे ओरडायचे.

नवी नवरी असताना मी जिंकावं म्हणून गुपचूप थाळीला हळदकुंकू वाहायची. कुंकू मोटरीत गेलं आणि ती आणखीच अडायला लागली. हे मात्र रेल्वेला दृष्ट लागली म्हणून हळहळायचे, आणि मी बाई मान डोलवायची.

मग म्हातारपणी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. पैज तेवढी राहिली. आता रोज डावाच हात वर व्हायचा. मी जिंकले तरी चहा मीच करायची, पण ह्यांच्या नावावर.

एक दिवस थाळी मधेच अडली, इंजिन घसरून खाली पडलं. ह्यांचा चेहरा बघवेना. मी थाळी पिशवीत घातली आणि कापूरहोळला मोटर भरणाऱ्याकडे गेले.

"आजी, ह्या मोटरीला डावंउजवं कळत न्हाई," तो म्हणाला. "नवी बसवतो. एकाच बाजूनं फिरंल, अडणार न्हाई."

"बसव बाबा. लई छळलंय तिनं."

जुनी पिशवीत टाकून ऐटीत घरी आले. नवी अगदी गुणाची. पण फिरायची फक्त उजवीकडे. डावा हात वर, थाळी उजवीकडे. पुन्हा डावा हात, पुन्हा उजवीकडे. डावी बाजू मी घेऊ का, असं मी विचारलं, तर ह्यांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. मग हात वर येईनासा झाला. मी बटण दाबायची, हे भिंतीकडे बघत पडून राहायचे.

जुनी मोटर मी स्वतः बसवली. स्क्रू तिरके गेले. पलंगाशी फळी ओढली, इंजिन ठेवलं, वाट बघितली. बऱ्याच वेळानं डावा हात पांघरुणातून जरासा वर आला.

थाळी गुरगुरली, अडली, आणि डावीकडे फिरली.

हे अर्ध्या तोंडानं हसले. स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"व्हय, व्हय, ठेवते आधण!"

त्या थंडीत हे गेले.

संध्याकाळी मी अजून बटण दाबते. डावी बाजू ह्यांची, उजवी माझी. हरले की उठून चहा टाकते. जिंकले की मात्र तशीच बसून राहते.