खालच्या सिलिंडरचा दाब

वऱ्हांड्यातली मोटर एकदाची जावी, एवढंच मला त्या रविवारी हवं होतं. चांगल्या माणसाकडे जावी, कोणाच्या कामी यावी, असलं काही मनात नव्हतं. फक्त जावी.

माझ्या नवऱ्याने बरीच वर्षं शहरातल्या एका तलावावर लोकांना बोटीतून फिरवण्याचं काम केलं. दोन बोटी होत्या आणि ही मोटर. बोटीच्या मागच्या फळीला अडकवतात तसली, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, जीभ जड झाली. त्यांचं बोलणं फक्त मलाच समजायचं. बोटी विकून टाकल्या. मोटर मात्र सक्करदऱ्याच्या आमच्या घरी वऱ्हांड्यात लाकडी घोडीवर चढवून ठेवली होती, कारण तिचा विषय काढला की ते भिंतीकडे तोंड करायचे.

सकाळी त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, हातापायांचा व्यायाम करून घ्यायचा, ताट झाकून ठेवायचं, शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची आणि ऑफिसला पळायचं. संध्याकाळी परत तेच. चाकाची खुर्ची अंगणात काढायची तर मोटरीचा पंखा चुकवून तिरकी न्यावी लागे, आणि माझ्या नडगीवर त्या पंख्याचा ओरखडा नेहमी ताजा असे. शेवटी एक दिवस ते स्वतःच म्हणाले, देऊन टाक.

ओळखीतून निरोप गेला आणि रामटेकच्या पुढच्या एका धरणावर मासेमारी करणारा माणूस बायकोला घेऊन छोट्या टेम्पोतून आला. तो जाळं टाकतो, ती डोंगा वल्हवते. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, वारा उलटा असला की काठाला येईपर्यंत तिचे खांदे भरून येतात, असं त्याने सांगितलं. मी दिलेलं पाणी तिने एका दमात प्यायलं आणि पायरीवर बसली. तिचं ते बसणं मला ओळखीचं वाटलं. आपण बसलो की परत उठावं लागणार, हे माहीत असलेल्या बाईचं बसणं.

त्याने पिशवीतून रबरी नळी लावलेला एक गोल मीटर काढला. कॉम्प्रेशन बघतो म्हणाला. पिस्टन वर येताना आतली हवा किती जोराने दाबली जाते, ते त्या काट्यावर दिसतं. दाब कमी आला तर समजायचं, इंजिन आतून झिजलं आहे. त्याने दोन्ही प्लग काढले, ठिणगी पडू नये म्हणून त्यांच्या वायरी इंजिनच्या लोखंडाला टेकवून बांधल्या, आणि मीटरची नळी वरच्या सिलिंडरच्या भोकात फिरवून बसवली. बायकोने मोटर सुरू करायची दोरी ओढली. काटा जेमतेम हलला. त्याचा चेहरा पडला.

खुर्चीतून यांचा आवाज आला. "उघड... उघड."

मी म्हटलं, ते काहीतरी उघडायला सांगताहेत. त्यांनी डाव्या हाताने कार्बोरेटरकडे दाखवलं. हवेची झडप बंद होती, हवाच आत जात नव्हती तर दाब कुठून येणार. ती झडप कोणीतरी धरून ठेवायला हवी होती. मी त्यांची खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने झडप उघडी धरली. झटक्यानंतर त्यांना मी कसलंही काम करताना पहिल्यांदाच पाहत होते. पुन्हा दोरी ओढली, काटा चढत चढत एकशेवीसवर जाऊन थांबला. तो माणूस खूश झाला. नळी काढून खालच्या सिलिंडरला लावायला लागला, तेव्हा हे पुन्हा काहीतरी बोलले. या वेळी लांबलचक.

"भाऊ काय म्हणून राहिले, ताई?" त्याने विचारलं.

मला समजलं होतं. मी यांच्याकडे बघून म्हटलं, "अहो, राहू द्या ना आता."

"सांग," ते म्हणाले. "सांग त्याले."

टेम्पो दारात उभा होता. माझी कंबर सकाळपासून दुखत होती. मी सांगितलं. खालचा सिलिंडर एकदा तापला होता. एक कुटुंब पायडलच्या बोटीत, वाऱ्याने तलावाच्या मधोमध अडकलेलं. हे त्यांना आणायला निघाले, तर जलपर्णीने मोटरीची पाणी ओढायची जागा बंद केली. मोटर पाण्यावर थंड होते, ते पाणीच मिळेना. वास आला, पण लेकरं रडत होती म्हणून यांनी मोटर बंद केली नाही. त्या माणसाला हे सांगताना मीही पहिल्यांदाच ऐकत होते. घरी कधी बोलले नव्हते.

तो माणूस नळी खालच्या भोकात फिरवू लागला. मग म्हणाला, पाहून घेऊ.

त्याच्या बायकोने दोरीला हात घातला आणि खांदा धरून थांबली. मी म्हटलं, मी ओढते. इतकी वर्षं ती मोटर घरची, पण दोरी कधी हातात घेतली नव्हती. पहिल्याच झटक्याला मी पुढे ओढली गेले. ती बाई माझ्या मागे उभी राहिली, माझ्या हातावर हात ठेवला, आणि आम्ही दोघींनी मिळून काटा थांबेपर्यंत ओढलं. ऐंशीच्या वर तो गेला नाही. त्याने प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि परत ओढायला सांगितलं. या वेळी काटा शंभर ओलांडून गेला.

"पिस्टनच्या रिंगा झिजल्या, भाऊ," तो म्हणाला. "ऑइलनं गळती बुजली म्हणून दाब चढला. बाकीचं खोलल्यावर समजन."

यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत असावं.

बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि थेट यांनाच विचारलं, "रिंगा टाकल्यावर वारा कापन का मोटर?"

"कापन," हे म्हणाले. तेवढं तिला माझ्याशिवाय समजलं.

"मंग घेऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

मोटर टेम्पोत चढली. मला वाटलं होतं, खूप हलकं वाटेल. वऱ्हांडा पुसून काढला, व्यायाम करून घेतला, त्यांना खिचडी भरवली.

पुढे त्या माणसाचा फोन यायला लागला. रिंगा टाकल्या, पण सुरू व्हायला वेळ लावते, काय करू, असं विचारायचा. आधी मी मधे बसून एकेक शब्द सांगायची. एकदा ऑफिसातून आले ती इतकी थकून की फोन यांच्या डाव्या हातात दिला आणि आत जाऊन आडवी झाले. बाहेर ते एकच शब्द परत परत म्हणत होते, मोटर सुरू करताना हवा अडवायच्या खुंटीचं नाव. चोक. चोक. पलीकडच्याला कळेना, हे चिडले, मग सावकाश, तोडून तोडून म्हणाले. मग त्याला कळलं.

आता त्याचा फोन बहुतेक रविवारी येतो. मोटर बरी चालते आहे, विचारण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, तरी येतो. कधी तो पाण्यावरूनच बोलतो आणि त्या घरघरीत दोघांनाही ओरडावं लागतं. यांचे कितीतरी शब्द आता काकूंनाही समजतात. मी तेवढा वेळ आतल्या खोलीत पंखा लावून पडून असते. झोप लागत नाही. पण कोणी हाक मारत नाही.